फ्रेंच प्रेसची कॉफी आणि खानदेशचं पाणी

खानदेशातल्या एरंडोलमध्ये चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची, ही वाटणी जुनी आहे. एकादशीला, तापातून उठलेल्या माणसाला, परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्या मुलांना, नाहीतर जेवणं आटोपल्यावर निवांत बसलेल्या पाहुण्यांना कॉफी व्हायची. दुधात पाकिटातली पावडर, भरपूर साखर आणि वरून किसलेलं जायफळ. ही कॉफी वाईट नाही. मला ती आजही आवडते आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

आता पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं येताना काचेचा फ्रेंच प्रेस घेऊन येतात. आठवडाभर घरात हौसेनं काळी कॉफी होते. मग प्रेस शोकेसमध्ये जातो आणि तिथेच राहतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: तिकडच्यासारखी लागत नाही. कोणी म्हणतं कडू लागते, कोणी म्हणतं आंबट, कोणी म्हणतं नुसतं गरम पाणी. या तक्रारी मी इतक्या घरांत ऐकल्या आहेत की एकदा त्या सगळ्या प्रश्नाकडे मुळापासून पाहावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगते. आपल्याकडे कॉफी बिघडते ती दळणात आणि पाण्यात. प्रेस बदलून काही होत नाही, आणि महागडा घेऊन तर मुळीच नाही.

साधन म्हणून प्रेस अगदी साधा. कॉफी गरम पाण्यात भिजवायची, ठरलेल्या वेळानं जाळीचा दट्ट्या खाली दाबून गाळ तळाशी धरायचा आणि वरची कॉफी ओतून घ्यायची. १८५२ साली फ्रान्समध्ये मायर आणि देलफोर्ज यांनी अशा भांड्याचं पेटंट घेतलं. मिलानच्या अत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांचं पेटंट १९२९ चं. आज दुकानात दिसतो तो घाट बराचसा फालिएरो बोन्दानिनी यांच्या १९५८ च्या रचनेवरून आलेला आहे. तेव्हापासून त्यात मोठा बदल झालेला नाही, कारण बदलण्यासारखं फारसं काही नाही.

हातानं दाबायची आणखी दोन साधनं बाजारात आहेत. एरोप्रेस २००५ साली कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी काढला. लांब उडणारी एरोबी ही चकती बनवणारे ते हेच. प्लॅस्टिकची नळी, तळाला कागदाची गोल गाळणी, वरून हाताचा दाब, आणि दोन मिनिटांत एक कप स्वच्छ कॉफी. त्याची जागतिक स्पर्धा २००८ साली ऑस्लोमध्ये तीन स्पर्धकांवर सुरू झाली आणि आज देशोदेशी तिच्या फेऱ्या होतात. एकट्या माणसासाठी, वसतिगृहातल्या मुलासाठी हे फार चांगलं साधन आहे. पण चार माणसांच्या घरात चारदा दाबावं लागतं आणि चौथा कप होईपर्यंत पहिला गार होतो. दुसरं साधन म्हणजे हाताच्या दांड्यानं एस्प्रेसो काढणारी रॉक, फ्लेअर अशी यंत्रं. त्यांना पिठाच्या जवळ जाणारं, पण अगदी एकसारखं बारीक दळण लागतं. तसं दळणारी चक्की बऱ्याचदा यंत्राइतकीच महाग पडते. आपल्याकडच्या घरात हा खर्च मला पटत नाही.

दक्षिणेकडचा पितळी किंवा स्टीलचा फिल्टर दाबाचा नाही, पण त्याला वगळून हा हिशेब पुरा होत नाही. घरात पाच-सहा माणसं, सगळी दुधाची कॉफी पिणारी, आणि सकाळी सगळ्यांना एकदम हवी, असं असेल तर फिल्टरच घ्या. रात्री लावून ठेवलं की सकाळी घट्ट डिकॉक्शन तयार. प्रेस शोभतो तो दोघा-तिघांच्या घरात, कधी काळी तर कधी दुधाची कॉफी पिणाऱ्यांना. त्याला वीज लागत नाही, आणि भारनियमनाच्या गावात ही गोष्ट थोडी नाही. कागद संपला म्हणून अडत नाही. हजार रुपयांच्या आत चांगला काचेचा प्रेस येतो. जाळी मोडली तर ती सुटी मिळते.

आता दळणाकडे येऊ. भाजलेल्या कॉफीच्या वजनातला साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. तो सगळा कपात उतरला तर कॉफी पिववत नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात याचा नीट अभ्यास केला. कॉफीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के उतरले की चव जमते, हे माप तेव्हापासून आजतागायत वापरात आहे. कमी उतरलं तर कॉफी आंबट आणि पातळ, जास्त उतरलं तर कडू आणि जिभेला तुरट. बारीक कण लवकर उतरतात, जाड कण सावकाश. घरच्या मिक्सरचं पातं बी कापत नाही, फोडतं. त्यामुळे एकाच भांड्यात पीठही असतं आणि अर्ध्या बियाही असतात. पिठातून कडूपणा येतो, जाड तुकड्यांतून आंबटपणा. एकाच प्रेसमधली कॉफी एकाला कडू आणि दुसऱ्याला आंबट का लागते, ते इथे कळतं. दोघांचंही खरं असतं.

हाताची चक्की, दोन दातेरी शंकूंमध्ये बी चिरडणारी, हा यावरचा खरा उपाय. बऱ्यापैकी चक्की दोन-अडीच हजारांपासून पुढे मिळते. प्रेस आणि चक्की मिळून जे पैसे घालायचे ठरवलं असेल त्यातले चारपैकी तीन हिस्से चक्कीला द्या. तेवढे पैसे नसतील तर मिक्सरवरही काम भागतं, थोडी मेहनत घेतली तर. मिक्सरचं छोटं भांडं आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून पुसून घ्यायचं, म्हणजे मसाल्याचा वास जातो. मग ३० ते ४० ग्रॅमच बिया घालायच्या. बटण एक-एक सेकंद दाबून सोडायचं आणि मधे भांडं हलवायचं. जाड रव्याइतकं दळण झालं की मैद्याच्या चाळणीनं चाळायचं. चाळणीवर राहील ते प्रेससाठी. खाली पडलेलं पीठ टाकू नका. जायफळाची उकळलेली कॉफी करायला ते पाकिटातल्या पावडरीपेक्षा सरस आहे, दुधात दोन उकळ्या देऊन फडक्यातून गाळून घ्या. आणि एक विनंती: दळायला सोपं म्हणून कॉफी मसाल्याच्या कांडप यंत्रावर नेऊ नका. तिथला मिरचीचा ठसका कुठल्याही कॉफीतून जात नाही.

पाण्याची गोष्ट याहून मोठी आहे, आणि ती खास आपली आहे. कपातल्या काळ्या कॉफीत साधारण ९८ टक्के पाणीच असतं. आपल्या भागातला खडक काळा बेसाल्ट. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. विहिरीचं, बोअरचं पाणी जड आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पातेल्याच्या तळाला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर दिसतोच, आणि डाळ शिजायला वेळ लागतो. नदी-धरणाचं नळाचं पाणी त्या मानानं हलकं, पण उन्हाळ्यात नळ काही दिवसांआड येतो आणि घर बोअरवर जातं. हेच बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतं. चांगल्या अरॅबिका जातीच्या कॉफीचा जो फळासारखा आंबटगोड भाग असतो तो जातो आणि मागे राहतो तो सपाट, खडूसारखा कडूपणा. बंगळुरूहून मागवलेली हजार-बाराशे रुपये किलोची कॉफी एरंडोलच्या बोअरच्या पाण्यात टाकली की ती कोणत्याही कॉफीसारखी लागते.

मग घरोघरी बसलेलं आरओ वापरावं का? त्याचीही अडचण आहे. आरओ पाण्यातले क्षार जवळजवळ सगळे काढून टाकतं. अशा कोऱ्या पाण्यात कॉफी टोकदार आणि पोकळ लागते, कारण चव ओढून घ्यायला थोडं मॅग्नेशियम-कॅल्शियम पाण्यात लागतंच. जगभरचे कॉफीवाले विरघळलेल्या क्षारांचं, म्हणजे टीडीएसचं, लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपासचं पाणी चांगलं मानतात. ७५ ते २५० पर्यंत चालतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची योग्य मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. म्हणजे प्यायला उत्तम असलेलं पाणीही कॉफीला जड असू शकतं. दोन-तीनशे रुपयांत टीडीएस मोजायचं पेन मिळतं. ते नुसता आकडा दाखवतं, कुठले क्षार किती हे सांगत नाही, पण घरच्या कामाला पुरे.

माझा अनुभव असा की आरओचं तीन भाग आणि नळाचं एक भाग पाणी मिसळलं की कॉफी उघडते. बोअरचं पाणी फारच जड असेल तर पाच भागांत एक भाग पुरे. आरओ नसेल तर आजीच्या काळातला उपाय अजून चालतो. पाणी पाच-सात मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं निवळ काढून घ्यायचं. उकळल्यानं बायकार्बोनेटचा बराच भाग चुन्याच्या रूपात खाली बसतो, आणि कॉफीला तोच नको असतो. बाजारातला वीस लिटरचा जार बहुतेक वेळा आरओचाच असतो, त्यालाही हीच भेसळ करा. कॉफीच्या सगळ्या सल्ल्यांमध्ये खानदेशच्या घरानं एकच पाळायचा ठरवला तर हा पाळावा. पदरचं काही जात नाही आणि फरक पहिल्या घोटाला कळतो.

कॉफी कुठली आणायची? एरंडोलच्या किराणा दुकानात मिळते ती इन्स्टंट. तिला प्रेस लागत नाही. मोठ्या दुकानांतून फिल्टर कॉफीची पाकिटं मिळतात, पण त्यांत बहुतेक वेळा चिकोरी असते आणि दळण प्रेसच्या जाळीला फार बारीक पडतं. दट्ट्या अडकतो, जोर लावला की गरम कॉफी तोंडावर उडते. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. आपल्याकडे ते गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं, ते वाचून घ्या. दुधाच्या फिल्टर कॉफीत थोडी चिकोरी मला चालते. प्रेसमध्ये ती नको, सगळा कप गुळमट आणि जाड होतो.

देशातली साधारण ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनच्या मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती फक्त चिखलदऱ्याला, आपल्याच सातपुड्याच्या पूर्वेकडच्या रांगेत. पण तिथलं पीक फार थोडं. २०१९ साली कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू इथल्या अरॅबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे ही नावं आता पाकिटांवर ठळक दिसतात. पाकिटावर ‘प्लांटेशन’ असेल तर ती धुऊन तयार केलेली अरॅबिका, ‘चेरी’ असेल तर फळासकट वाळवलेली. प्रेससाठी सुरुवात करणाऱ्याला मी मध्यम भाजलेली प्लांटेशन ए सुचवते. आंबट चव अजिबात नको असेल तर मॉन्सून्ड मलबार घ्यावी. पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेल्या या बियांत आम्लपणा जवळजवळ नसतो आणि आपल्या जड पाण्यातही ती फारशी बिघडत नाही.

अस्सल बिया आता कुरिअरनं एरंडोललाही येतात. मुंबई-पुण्यात भाजणारे आहेत, नागपुरात कॉरिडॉर सेव्हन आहे, बंगळुरू-दिल्लीचेही पाठवतात. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. भाजल्यावर बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो, म्हणून कॉफी चार-पाच दिवस थांबून वापरायला काढावी आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. आपल्या मे महिन्यात, ४३-४४ अंशांत, एवढाही वेळ मिळत नाही. उन्हाळ्यात २५० ग्रॅमपेक्षा जास्त एकदम मागवू नका आणि डबा ओट्याजवळ ठेवू नका. फ्रिजमध्ये उघडी ठेवलेली कॉफी लसणाचा वास ओढते. ठेवायचीच तर आठवड्याच्या पुड्या हवाबंद करून फ्रीजरमध्ये. भावाचं म्हणाल तर २०२४ मध्ये जगभर कॉफी कडाडली. लंडनच्या बाजारात रोबस्टा टनाला ५००० डॉलरच्या वर गेला होता. त्यामुळे वाया घालवणं आता खिशालाही परवडत नाही.

कृती इतकी सोपी आहे की लोक ती मधेच सोडून देतात. दोघांसाठी २० ग्रॅम कॉफी आणि ३०० मिलिलिटर पाणी. वजनकाटा नसेल तर पोह्याचा सपाट चमचा साधारण ५ ग्रॅम धरा. प्रेस आधी गरम पाण्यानं विसळून घ्या. एरंडोल समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटरवर, त्यामुळे पाणी इथे ९९ अंशांच्या आसपास उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की बरोबर. कॉफीवर सगळं पाणी एका दमात ओता. ताजी कॉफी असेल तर लगेच फुगून वर येते, तपकिरी फेसाचं जाड कवच धरतं आणि त्याला बारीक छिद्रं पडत राहतात. कवच आलंच नाही तर कॉफी शिळी आहे. चार मिनिटांनी चमच्याच्या पाठीनं ते कवच हलकेच मोडा. वास घ्यायचा तो याच क्षणी. जाड कण आपोआप खाली बसू लागतात, वर राहिलेला फेस दोन चमच्यांनी काढून टाका.

यापुढे मतभेद आहेत. जुनी रीत म्हणते, आता दट्ट्या दाबा आणि ओता. इंग्लंडचे जेम्स हॉफमन यांनी लोकप्रिय केलेली रीत म्हणते, आणखी पाच मिनिटं थांबा आणि दट्ट्या पृष्ठभागापर्यंतच नेऊन, न दाबता, गाळणीसारखा वापरा. मी दुसऱ्या बाजूची आहे. तळाशी बसलेला गाळ दाबून ढवळला की पीठ वर येतं आणि शेवटचे घोट चिखलासारखे होतात. मिक्सरवर दळलेल्या कॉफीला तर थांबणं फारच मानवतं. कॉफी थोडी निवते, पण निवलेल्या कॉफीतच चव कळते. झाली की सगळी ओतून घ्या, प्रेसमध्ये ठेवू नका, तिथे ती उतरतच राहते. २० ग्रॅम कॉफी दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून ३०० चे २६० मिलिलिटरच हाती येतात.

दुधाची हवी असेल तर इथेच बहुतेकांची गाडी अडते. काळ्या कॉफीच्या मापानं केलेल्या कॉफीत दूध घातलं तर नुसतं रंगीत दूध होतं. दुधासाठी ३० ग्रॅम कॉफीला २४० मिलिलिटर पाणी घ्या, वेळ तोच. निघालेल्या कॉफीत तेवढंच किंवा थोडं कमी कडकडीत दूध. म्हशीचं दूध असेल तर निम्मंच पुरतं, त्याची साय आणि स्निग्धता कॉफी झाकून टाकते. जळगाव दूध संघाचं ‘विकास’ नावाचं गाईचं दूध या कामाला मला जास्त बरं वाटतं. सकाळपासून तीनदा तापवलेलं दूध नको, त्याला खव्याचा वास लागतो. जायफळ दुधात किसा, प्रेसमध्ये नाही. त्याचं तेल जाळीत बसलं की पुढचे चार दिवस काळी कॉफीही जायफळाचीच. या मापानं, वरून जायफळ घालून केलेली कॉफी मी भरीत-भाकरीच्या जेवणानंतर जुन्या माणसांना दिली आहे. त्यांनी ती आपलीच कॉफी म्हणून घेतली.

प्रकृतीचा एक मुद्दा टाळता येत नाही. प्रेसच्या जाळीतून कॉफीचं तेल कपात येतं. चवीला तो भरदारपणा त्याचाच. पण त्या तेलातलं कॅफेस्टॉल रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतं. उकळून न गाळता कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त असतं हे १९८० च्या दशकात नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या पाहणीत दिसलं आणि १९९० च्या दशकात डच संशोधकांनी त्याचं कारण पक्कं केलं. कागदातून गाळलं की हे तेल बहुतेक सगळं अडतं. रोज एखादा कप घेणाऱ्या धडधाकट माणसानं घाबरायचं कारण नाही. ज्यांच्या घरी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी एरोप्रेस घ्यावा किंवा प्रेसची कॉफी कागदाच्या फिल्टरमधून गाळावी. एरंडोल एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं, इंग्रजी काळातल्या गॅझेटिअरनी त्याची नोंद घेतली आहे. आता फिल्टरचा कागद मात्र बाहेरूनच मागवावा लागतो.

एप्रिल-मेमध्ये गरम कॉफी कोणालाच नको असते, तेव्हा प्रेस थंड कॉफीला लावा. ६० ग्रॅम जाड दळलेली कॉफी, ५०० मिलिलिटर गार पाणी, दट्ट्या वर ठेवून झाकण आणि बारा ते सोळा तास फ्रिजमध्ये. ओट्यावर नको, आपल्या उन्हाळ्यात ती तिथे आंबूस होते. सकाळी दाबून गाळून घ्या, बाटलीत भरा, चार दिवस टिकते. माठातलं तेवढंच पाणी आणि बर्फ घालून प्या, नाहीतर गार दूध आणि चिमूटभर वेलची. यात आंबटपणा आणि कडूपणा दोन्ही कमी असतात, म्हणून ज्यांना काळी कॉफी सोसत नाही त्यांनाही ही चालते.

प्रेस रोज नुसता विसळला जातो आणि जाळी कधीच उघडली जात नाही, हे मी सर्रास पाहते. दांड्याच्या खालचा तुकडा फिरवला की जाळी, स्प्रिंग आणि छिद्रांची चकती सुटी होते. त्यांच्या मधे जुनं तेल आणि पीठ साचून खवट होतं, आणि नवी कॉफी त्याच वासाची होते. आठवड्यातून एकदा हे तिन्ही तुकडे गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा आणि उन्हात वाळवून परत जोडा. काचेला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आला असेल तर लिंबाची फोड चोळा. चोथा मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. तुळशीच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत थोडाथोडा मातीत मिसळून टाका.